बर्फातला बोअर

तुमच्या गावात कधी बोअरची गाडी आली आहे का? आली असेल तर तुम्ही घरात बसला नसाल, हे मी पैजेवर सांगते! आमच्या अजिंठ्यात बोअरची गाडी आली की मधल्या सुट्टीनंतर निम्मा वर्ग तिकडेच असतो. कॉम्प्रेसरची घरघर, रॉडची धडधड आणि भोकातून उसळणारी राखाडी धूळ. मुलांना ती जत्राच वाटते. मोठी माणसं मात्र गप्प उभी असतात. त्यांची नजर त्या धुळीवर खिळलेली असते. धूळ ओली कधी होते, एवढंच त्यांना बघायचं असतं.

एका मार्च महिन्यात आमच्या चौथीच्या वर्गातल्या एका मुलीच्या शेतात असाच बोअर मारला. पाणाड्यानं तळहातावर नारळ ठेवून जागा दाखवली होती. कापसाचे आणि मक्याचे पैसे त्यासाठीच राखून ठेवले होते. दोनशे फूट झाले, अडीचशे झाले, तीनशे झाले. धूळ कोरडी ती कोरडीच! शेवटी गाडीवाल्यानं मशीन बंद केलं, रॉड वर काढले आणि गाडी पुढच्या गावाला निघून गेली. बोअर कोरडा गेला.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी शाळेत आली. पाढे म्हणताना तिचं लक्ष नव्हतं. मी जवळ बोलावलं, तर तिनं मलाच प्रश्न विचारला, “बाई, खाली काय आहे ते आधी बघून घ्यायचं आणि मगच खोल खणायचं, असं नसतं का करता येत?”

मला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही. घरी जाऊन मी वाचत बसले. आणि गंमत बघा, अगदी हाच प्रश्न जगातल्या मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाही पडला होता. त्यांचं शेत मात्र फार लांब होतं, आणि फार थंडही! ते होतं पृथ्वीच्या दक्षिण टोकाला, अंटार्क्टिका खंडावर. त्यांना पाणी नको होतं. त्यांना हवा होता जुना बर्फ.

एकच कातळ, दोन चाली

बर्फावर जाण्याआधी जरा आमच्या गावाजवळच फिरून येऊ. वाघोरा नदीच्या वळणावर अजिंठ्याची लेणी आहेत. सहलीला आला असाल तर चोवीस क्रमांकाचं लेणं आठवा. ते अर्धवटच राहिलं आहे. त्यामुळे तिथे कारागिरांची कामाची रीत कळते. आधी छत, मग हळूहळू खाली येत खांब, आणि सगळ्यात शेवटी जमीन. हातात छिन्नी आणि हातोडा. एक घाव चुकला तर निघालेला दगड पुन्हा जोडता येत नाही. म्हणून काम सावकाश. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात सुरू झालेलं हे कोरीवकाम, मध्ये मोठा खंड पडून, पाचव्या शतकापर्यंत चाललं होतं.

बोअरची गाडीही तोच काळा कातळ फोडते. हा कातळ म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीतून वाहत येऊन थिजलेला लाव्हा. बोअरच्या रॉडच्या टोकाला हॅमर असतो. त्याच्या तोंडावर टंगस्टन कार्बाइड या अतिशय कठीण पदार्थाची बटणं बसवलेली असतात. कॉम्प्रेसरची दाबाची हवा हॅमरला सारखी आपटवते. दगडाचा भुगा होतो आणि तीच हवा भुगा वर फेकते. एक रॉड आत गेला की त्याला दुसरा जोडायचा. दोन-तीनशे फूट एका दिवसात!

पण या घाईची एक किंमत असते, बरं का! लेण्याच्या भिंतीकडे नीट पाहिलं तर लाव्ह्याचा एक थर कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला, ते बोट ठेवून दाखवता येतं. बोअरच्या भुग्यात सगळं मिसळलेलं असतं. त्यावरून फक्त अंदाज बांधता येतो.

म्हणजे खाली जायच्या दोन चाली झाल्या. एक सावकाश आणि एक झपाट्याची. या दोन्ही बरोबर घेऊन आता आपण बर्फावर जाऊ.

बर्फाची वही

अंटार्क्टिका खंड भारताच्या चौपटीहून मोठा आहे. जवळजवळ सगळ्या खंडावर बर्फाची जाड चादर पसरलेली आहे. तिची सरासरी जाडी सुमारे २ किलोमीटर, आणि काही ठिकाणी तर साडेचार किलोमीटरहून जास्त!

एवढा बर्फ आला कुठून? आकाशातून. तिथे दरवर्षी थोडा हिमवर्षाव होतो आणि थंडी इतकी की तो वितळत नाही. पुढच्या वर्षीचा हिम त्याच्यावर पडतो. मग त्याच्यावर पुढचा. वरच्या ओझ्यानं खालचा हिम दाबला जातो आणि त्याचा घट्ट बर्फ होतो. असे हजारो, लाखो वर्षांचे थर एकावर एक साचले आहेत. वहीची पानं जशी एकाखाली एक असतात तसे. वरचं पान कालचं, तळाचं पान सगळ्यात जुनं.

आणि या वहीत लिहिलेलं काय असतं? हिम दाबला जाताना कणांमधली हवा आत अडकते. तिचे बारीक बुडबुडे होतात. लाख वर्षांपूर्वीच्या थरातला बुडबुडा म्हणजे लाख वर्षांपूर्वीची खरीखुरी हवा! ती तपासली की तेव्हा हवेत कार्बन डायऑक्साइड किती होता ते मोजता येतं. बर्फातल्या पाण्याचे काही रेणू किंचित जड असतात, काही हलके. त्यांच्या प्रमाणावरून तेव्हा थंडी किती होती ते कळतं. धुळीवरून वारे कळतात. राखेवरून ज्वालामुखी कधी फुटले ते कळतं.

या वहीची पानं सलग आणि क्रमानं हवी असतील तर बर्फाचा भुगा चालत नाही. बर्फाचा अख्खा दंडगोल बाहेर काढावा लागतो. शास्त्रज्ञ त्याला गाभा म्हणतात. आपण केळीच्या खोडातून मधला कोका काढतो ना, काहीसा तसाच!

सावकाश चालीचं गणित

गाभा काढायचं यंत्र म्हणजे एक लांब पोकळ नळी. तिच्या तोंडाशी धारदार पाती असतात. नळी पोलादी दोरानं भोकात सोडतात. दोरातूनच तिला वीज मिळते. खाली गेल्यावर पाती गोल फिरतात, बर्फ कडेकडेनं कापला जातो आणि मधला दंडगोल नळीत शिरतो. एका खेपेला साधारण तीन मीटर. मग नळी वर ओढायची, गाभा काढायचा, मापायचा, नंबर टाकायचा आणि नळी पुन्हा खाली सोडायची.

आता पाटीवर एक गणित मांडा. २८०० मीटर खोल जायचं आहे. एका खेपेला ३ मीटर. किती खेपा? नऊशेहून जास्त! भोक जेव्हा अडीच किलोमीटर खोल होतं तेव्हा नुसतं खाली जाऊन वर यायलाच तासाहून जास्त वेळ लागतो. त्यातून काम करायला मिळतात फक्त नोव्हेंबर ते जानेवारी हे महिने. तो तिथला उन्हाळा. उन्हाळा म्हणजे काय, तर खंडाच्या मध्यभागी तेव्हाही शून्याखाली ३० ते ३५ अंश!

शिवाय बर्फ आपल्या कातळासारखा गप्प बसत नाही. पावसाळ्यात गुळाची ढेप मऊ होऊन हळूहळू बसते, पाहिलंत ना? खोलवरचा बर्फही प्रचंड दाबाखाली तसाच सरकतो. भोक रिकामं ठेवलं तर ते आवळत जातं आणि शेवटी बुजतं. म्हणून भोकात न गोठणारं, तेलासारखं एक द्रव भरून ठेवावं लागतं. ते आतून बर्फाला रेटून धरतं.

एवढं करूनही घात व्हायचा तो होतोच. ‘डोम सी’ नावाच्या ठिकाणी युरोपातल्या दहा देशांच्या शास्त्रज्ञांनी १९९६ साली असं काम सुरू केलं. १९९८-९९ च्या उन्हाळ्यात ७८८ मीटरवर त्यांचं ड्रिल बर्फात अडकलं. वर येईना, खाली जाईना. अखेर ते तिथेच सोडून द्यावं लागलं. आमच्याकडे हॅमर अडकला की शेतकऱ्याचा चेहरा कसा होतो ते मी पाहिलं आहे. त्या शास्त्रज्ञांचं काही वेगळं झालं नसेल. पण त्यांनी शेजारी नवं भोक सुरू केलं. डिसेंबर २००४ मध्ये ते ३२०० मीटरच्या पुढे, तळाजवळ पोचले. हातात काय आलं? ८ लाख वर्षांची सलग वही!

त्या वहीनं एक गोष्ट पक्की सांगितली. गेल्या ८ लाख वर्षांत हवेच्या दर दहा लाख भागांमध्ये कार्बन डायऑक्साइडचे भाग ३०० च्या वर कधीच गेले नव्हते. २०२४ साली ते ४२० च्या पुढे होते. हे आपण माणसांनी कोळसा आणि तेल जाळून केलं आहे.

वहीची हरवलेली पानं

तरीही एक कोडं राहिलंच. पृथ्वीवर ठरावीक काळानं हिमयुग येतं आणि जातं. गेली नऊ-दहा लाख वर्षं हे चक्र साधारण एक लाख वर्षांचं आहे. पण समुद्राच्या तळाचा गाळ सांगतो की त्याआधी हे चक्र सुमारे ४१ हजार वर्षांचं होतं. मग मध्येच पृथ्वीनं चाल का बदलली? हवेतला कार्बन डायऑक्साइड कमी झाला म्हणून, की दुसऱ्याच कशानं? उत्तर शोधायचं तर तेव्हाची हवा हवी. आणि वही ८ लाख वर्षांवर संपत होती. नेमकी हवी ती पानं हातात नव्हती.

तुम्ही म्हणाल, “त्यात काय, जिथे बर्फ सगळ्यात जाड तिथे खणायचं!” मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण इथेच मोठी फसगत आहे. पृथ्वीच्या पोटातून सतत थोडी थोडी उष्णता वर येत असते. बर्फाची चादर तिच्यावर गोधडीसारखी पसरलेली असते. गोधडी जितकी जाड तितकी खाली ऊब जास्त. फार जाड बर्फाखाली ही ऊब इतकी साठते की तळाचा बर्फ वितळू लागतो. म्हणजे नेमकी सगळ्यात जुनी पानं पाणी होऊन वाहून जातात! बर्फ फार पातळ असूनही चालत नाही. त्यात इतकी पानं मावत नाहीत.

मग जागा कुठली? चुकली तर चार-पाच वर्षं आणि अफाट पैसा पाण्यात. नाही, बर्फात! आमच्या मुलीचा प्रश्न आठवला ना? खाली काय आहे ते आधी बघून घेता येत नाही का?

घाईची यंत्रं

आधी बघून घ्यायचा पहिला मार्ग रडारचा. विमानातून किंवा बर्फावरच्या गाडीतून रेडिओ लहरी खाली सोडतात. थरांवर आणि तळाच्या खडकावर आपटून त्या परत येतात. विहिरीत ओरडल्यावर आपलाच आवाज परत यावा तसं. त्यावरून जाडी कळते, थर कसे वळले आहेत ते कळतं. पण तळाशी ऊब किती, हे काही रडार थेट सांगत नाही. त्यासाठी भोकच पाडावं लागतं. आणि दहा जागा तपासायच्या तर प्रत्येक ठिकाणी पाच वर्षं घालवून कसं चालेल? इथे हवी ती झपाट्याची चाल.

आपली बोअरची गाडीच का नाही नेत? एक तर ती पोचवायची कशी हाच प्रश्न! तिथे प्रत्येक रॉड आणि डिझेलचा प्रत्येक पिंप विमानानं किंवा बर्फावरच्या ट्रॅक्टरनं ओढत न्यावा लागतो. दुसरं म्हणजे बर्फाचा वरचा सुमारे शंभर मीटरचा भाग भुसभुशीत असतो. हवा किंवा द्रव त्यातून झिरपून जातं. आपण मुरमात केसिंग पाईप टाकतो तसा तिथेही टाकावा लागतो. तिसरं म्हणजे बर्फाचा चुरा चिकट. जरा ऊब लागली की वितळतो आणि पुन्हा गोठून यंत्राला धरून बसतो. म्हणून बर्फासाठी वेगळी यंत्रं तयार करावी लागली.

एक यंत्र कढत पाण्याचं. दक्षिण ध्रुवावर, विश्वातून येणारे न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण टिपण्यासाठी, शास्त्रज्ञांनी बर्फात ८६ भोकं पाडली. प्रत्येक सुमारे अडीच किलोमीटर खोल! जाड नळीतून गरम पाण्याचा जोरदार झोत सोडायचा आणि बर्फ वितळवत खाली जायचं. एक भोक साधारण दोन दिवसांत तयार. हे काम डिसेंबर २०१० मध्ये पूर्ण झालं. वेग केवढा! पण वहीची पानं मात्र वितळून गेली. न्यूट्रिनोवाल्यांना पानं नकोच होती, त्यांना फक्त भोक हवं होतं.

दुसरं यंत्र ब्रिटिशांचं. ते आकारानं लहान आणि वजनानं हलकं आहे. ते गाभा काढतच नाही. बर्फाचा चुरा करतं आणि तो नळीत भरून वर आणतं. भोकात द्रवही भरत नाही. त्यामुळे ते पाच-सहाशे मीटरच्या फार खाली जाऊ शकत नाही, पण पटापट काम उरकतं. २०१७-१८ च्या उन्हाळ्यात या यंत्रानं ४६१ मीटरचं भोक अवघ्या १०४ तासांत पाडलं. तासाला किती मीटर झाले? भागाकार करून बघा. साडेचारच्या जवळपास! चुऱ्यावरून बर्फाच्या वयाचा अंदाज येतो. आणि भोकात थर्मामीटर सोडला की खाली जाताना बर्फ किती ऊबदार होत जातो ते कळतं. त्यावरून तळाशी काय असेल याचं गणित मांडता येतं.

तिसरं यंत्र अमेरिकेत तयार झालं. आपल्या बोअरच्या गाडीचा हा थोरला भाऊच म्हणा! जॉन गुज आणि जेफ्री सेव्हरिंगहाउस या शास्त्रज्ञांच्या पुढाकारानं ते उभं राहिलं. खनिजं शोधणाऱ्या मशीनमध्ये फेरफार करून ते बनवलं आहे. ते बर्फावर ओढून नेता येतं. इथेही रॉडला रॉड जोडत जायचं. हवेऐवजी न गोठणारं द्रव रॉडमधून खेळवायचं. ते द्रव बर्फाचा चुरा वर आणतं. चुरा वेगळा काढून द्रव पुन्हा वापरायचं. खाली-वर खेपा घालायचं कामच नाही! ३३०० मीटर बर्फ सुमारे २०० तासांत पार करायचा, हे या यंत्रापुढचं उद्दिष्ट आहे. २०१९-२० च्या उन्हाळ्यात त्याची मोठी चाचणी झाली. सुमारे ६८० मीटर बर्फ भेदून यंत्र तळाच्या खडकाला टेकलं आणि तळाच्या खडकासह सुमारे तीन मीटरचा गाभा घेऊन आलं. बर्फाखाली झाकलेल्या जमिनीचा असा तुकडा हातात येणं ही फार दुर्मीळ गोष्ट आहे.

गंमत म्हणजे ब्रिटिश आणि अमेरिकन, दोन्ही यंत्रांच्या इंग्रजी नावांची आद्याक्षरं मिळून एकच शब्द होतो, ‘रेड’. रेड म्हणजे धाड! झपाट्यानं जायचं, हवं ते बघायचं आणि परत यायचं.

मग आला धीर

आता सांगते, ब्रिटिशांनी ते ४६१ मीटरचं भोक पाडलं कुठे? ‘लिटल डोम सी’ नावाच्या जागी. जुन्या डोम सी पासून ती सुमारे ३५ किलोमीटर दूर आहे. तिथला बर्फ थोडा कमी जाड, म्हणजे तळाशी ऊबही कमी. रडार सांगत होतं की जागा चांगली आहे. झपाट्याच्या भोकातूनही माहिती मिळाली. सगळं एकत्र मांडून युरोपच्या शास्त्रज्ञांनी ठरवलं की धीराचं काम इथेच करायचं.

आणि मग त्यांनी अजिबात घाई केली नाही! तीन-तीन मीटरचा गाभा, खेपांवर खेपा, चार उन्हाळे. कामाचे दिवस दोनशेहून जास्त. जानेवारी २०२५ मध्ये त्यांचं ड्रिल २८०० मीटरवर तळाच्या खडकाला पोचलं. आमच्याकडचे तीनशे फुटांचे तीस बोअर एकाखाली एक ठेवले की जेवढं होईल तेवढं खोल! निदान १२ लाख वर्षांची सलग वही हाती आली. तळाकडे पानं इतकी दाबलेली आहेत की एका मीटर बर्फात १३ हजार वर्षांपर्यंतचा काळ मावला आहे. म्हणजे अजिंठ्याचं सगळ्यात जुनं लेणं कोरल्यापासून आजपर्यंतचा काळ तिथे वीतभर बर्फात बसेल! हा गाभा गोठलेल्या स्थितीतच युरोपातल्या प्रयोगशाळांमध्ये गेला. पृथ्वीनं चाल का बदलली याचं उत्तर त्यातल्या बुडबुड्यांत आहे का, ते आता शोधायचं आहे.

नीट बघा हं मुलांनो. झपाट्याच्या यंत्रानं वही वाचली नाही. वही कुठे आहे ते सांगायला मदत केली. वही वाचली ती सावकाश चालीनं. दोघांना एकमेकांची गरज होती.

आपल्या जवळचं काय?

हे सगळं परदेशी लोकांचंच काम, असं समजू नका. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी तिथे पोचली. आज तिथे आपली ‘मैत्री’ आणि ‘भारती’ ही दोन केंद्रं आहेत. गोव्यात वास्कोजवळ हेडलँड सडा इथे राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. बाहेर समुद्रकिनाऱ्याचा दमट उकाडा, आणि आत एका खोलीत शून्याखाली २० अंश! त्या खोलीत अंटार्क्टिकाहून आणलेले बर्फाचे गाभे जपून ठेवले आहेत. आपले शास्त्रज्ञ तळापर्यंत गेलेले नाहीत. त्यांचे गाभे किनाऱ्याजवळच्या भागातले आणि कमी खोलीचे आहेत. पण साठ मीटरच्या आसपास लांबीच्या एका गाभ्यातून त्यांनी सुमारे ४७० वर्षांच्या हवामानाची नोंद वाचली आहे. शिवाजी महाराजांच्या जन्माच्याही आधीपासूनची!

आणि आपल्या काळ्या कातळातही हेच झालं आहे. सातारा जिल्ह्यात कोयनेच्या परिसरात १९६७ साली मोठा भूकंप झाला होता. तिथे भूकंप का होतात हे समजण्यासाठी शास्त्रज्ञांना जमिनीत खोल जायचं होतं. त्यांनी एकदम मोठं भोक पाडलं नाही. आधी वेगवेगळ्या जागी सुमारे दीड किलोमीटर खोलीपर्यंतची भोकं घेऊन गाभे तपासले. मग २०१७ साली गोठणे इथे तीन किलोमीटर खोल भोक पूर्ण झालं. सव्वा किलोमीटर लाव्हा संपल्यावर खाली ग्रॅनाइट लागला.

करून पाहा

एका पारदर्शक बरणीत ओलसर काळी माती, मुरमाचा चुरा, चुलीतली राख आणि वाळू यांचे बोटबोटभर जाडीचे थर दाबून बसवा. आता ज्यूस प्यायची जाड पारदर्शक नळी घ्या. ती हलकेच फिरवत सरळ तळापर्यंत घाला. वरचं तोंड अंगठ्यानं बंद करा आणि सावकाश उपसा. नळीत थर क्रमानं दिसतील. हा झाला तुमचा गाभा! आता शेजारी पेन्सिल खुपसून झटकन गोल फिरवा. भोक लगेच झालं, पण थर? सगळे मिसळले. पेन्सिलीला लागलेली माती बघून खाली काय काय असेल ते मित्राला ओळखायला सांगा. किती ओळखता येतं आणि किती नाही, ते वहीत लिहा.

तिची वही

हे सगळं वाचल्यावर मी त्या मुलीला जवळ बसवलं आणि विचारलं, “बोअर चालू असताना धूळ कसकशी येत होती, आठवतं का?” ती घडाघडा सांगायला लागली. एकेक रॉड वीस फुटांचा होता. पहिल्या रॉडला माती आणि मुरूम. मग काळी-राखाडी धूळ. सातव्या रॉडला तांबडी धूळ आली, थोडी ओलसर वाटली, मग पुन्हा काळी. तिनं सगळं पाहिलं होतं, फक्त लिहिलं नव्हतं. आम्ही दोघींनी ते फूटपट्टीनं आखून कागदावर काढलं. ती तांबडी पट्टी म्हणजे लाव्ह्याच्या दोन थरांमधली भाजलेली जुनी माती. आपल्या भागात पाणी सापडतं ते बहुतेक कातळाच्या भेगांत, झिजलेल्या भागात नाहीतर अशा दोन थरांच्या सांध्यात.

तिचे वडील तो कागद बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, “बाई, हे आधीच कुणी लिहून ठेवलं असतं, तर शेजारच्या चार बोअरचंही कळलं असतं की!” खरं आहे. चार शेतांतले चार कागद शेजारी ठेवले की जमिनीखालचं चित्र दिसू लागतं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची माणसं जमिनीत वीज सोडूनही तपासणी करतात. ओल्या कातळातून वीज सहज जाते, कोरड्यातून जात नाही. हे आपलं रडारच म्हणा. पुढचा बोअर मारण्याआधी त्यांना विचारायचं, असं आता त्या घरानं ठरवलं आहे.

पालकांना एक विनंती. कोरडा गेलेला बोअर एक दिवसही उघडा ठेवू नका. लहान मूल त्यात पडलं तर अनर्थ होतो. त्या मुलीच्या वडिलांनी त्याच संध्याकाळी लोखंडी झाकण घट्ट बसवून घेतलं होतं.

आणि मुलांनो, तुमच्या गावात पुन्हा बोअरची गाडी आली, तर बघायला जरूर जा. यंत्रापासून लांब, मोठ्यांच्या शेजारी उभे राहा. पण रिकाम्या हातानं जाऊ नका. वही-पेन्सिल घेऊन जा. रॉड मोजा, धुळीचा रंग लिहा. बोअरला पाणी लागो न लागो, तुमची वही कोरडी राहणार नाही!